बऱ्या माणसाचा बेडका

छापील फॉर्मवर ‘थुंकी’ लिहिलेलं असतं, म्हणून माणसं थुंकतात. त्यांची काय चूक? ज्याने फॉर्म लिहिला त्याला ‘बेडका’ हा शब्द लिहायची लाज वाटली असणार, आणि त्याच्या लाजेपायी मी दोन वर्षं गावोगावच्या अंगणांत उभी राहून ओरडत होते, “थुंकी नको हो, बेडका पाहिजे. छातीतून. आधी खोल श्वास घ्या, मग खाकरा.” घरी जेवताना कामाचं काही बोलायला लागले की आई ताट उचलून दुसरीकडे जाऊन बसायची.

मी गोंदियाजवळच्या मुर्रीची. समाजकार्याची पदवी घेतली, गोंदियात एकदोन ठिकाणी तात्पुरती कामं केली आणि मग एका संस्थेच्या क्षयरोगाच्या अभ्यासात लागले. अभ्यासाचा प्रश्न सरळ होता. रुग्णाला गोळ्यांसाठी दवाखान्यात यायला लावण्यापेक्षा गावातल्याच विश्वासाच्या माणसाच्या हातून दिल्या, तर तो उपचार नीट पूर्ण करतो का? माझ्याकडे आमगावपासून दरेकशापर्यंतचा पट्टा होता. गावात जायचं, रुग्णाला भेटायचं, टॅबवर प्रश्न भरायचे. आणि तीन वेळा, म्हणजे सुरुवातीला, मधे आणि शेवटी, झाकणाच्या डबीत त्याचा बेडका घेऊन बर्फाच्या पेटीतून गोंदियाच्या प्रयोगशाळेत पोचवायचा. गाडीत ती पेटी मांडीवर घेऊन बसलं की शेजारची बाई हमखास विचारायची, “मछली है क्या?” मी हो म्हणायचे. खरं सांगितलं असतं तर डबा रिकामा झाला असता.

ज्या माणसाची ही गोष्ट आहे तो दरेकसा स्टेशनापासून आत, जंगलाला लागून असलेल्या एका टोलीवर, म्हणजे छोट्या वस्तीवर, राहायचा. चाळिशीतला, थोडी धानाची बांधी म्हणजे भातखाचर, बाकी वर्षभर जंगलातलं काम. पहिल्यांदा पाहिला तेव्हा तो भिंतीला टेकून बसला होता आणि त्याची बायको त्याच्या खांद्याला धरून होती, सोडलं तर कलंडला असता. त्या दिवशी मला भाषण करावंच लागलं नाही. त्याने एका दमात डबी भरून दिली आणि वर म्हणाला, “आणखी पायजे का?”

गोळ्या द्यायला त्याच टोलीवरची आशाताई, म्हणजे गावची आरोग्यसेविका, होती. त्याने एक गोळी चुकवली नाही. एकदा आशाताई भाचीच्या लग्नाला गेली, तर हा सायकल मारत त्या गावी पोचला आणि मांडवात सगळ्यांसमोर गोळी मागितली. मधल्या तपासणीत जंतू दिसले नाहीत. सहावा महिना संपता संपता तो लाकडाची मोळी घेऊन माझ्या पुढे चालायचा आणि मी मागून धापा टाकत प्रश्न विचारायचे. असा रुग्ण मिळणं ही आमच्या कामात चैन होती.

आणि नेमकी त्याचीच शेवटची डबी भरेना.

“मॅडम, खोकलाच येत नाही तं बेडका कुठून आणू?” तो म्हणाला.

“प्रयत्न करा.”

त्याने केले. गरम पाणी प्याला, अंगणाला चार चकरा मारल्या, वाकून खाकरला. बायको दारात उभी राहून हसत होती. शेवटी त्याने डबीत काहीतरी टाकलं आणि ते मी गोंदियाला नेलं. प्रयोगशाळेतल्या माणसाने डबी उजेडात धरली. “मॅडम, ये तो लार है. पानी जैसी. वापस ले जाओ.”

दुसऱ्या वेळी मी आदल्या संध्याकाळी डबी आशाताईकडे ठेवली. सकाळी उठल्या उठल्या, तोंडात काही घ्यायच्या आधी द्या, असा निरोप ठेवला. डबी आली, त्यात तांबूस काहीतरी होतं. मी घाबरले, रक्त असावं. तो चहा होता.

आता यात अडचण काय, नसेल बेडका तर नसेल, असं कोणीही म्हणेल. मीही तेच म्हटलं. पण टॅबवर शेवटच्या पानावर नमुन्याचा क्रमांक टाकल्याशिवाय फाईल बंद होत नव्हती. नमुना का नाही, यासाठी चार पर्याय होते: रुग्ण मरण पावला, गाव सोडून गेला, नकार दिला, उपचार अर्धवट सोडले. रुग्ण ठणठणीत आहे म्हणून बेडका नाही, हे पुण्यात बसून पर्याय लिहिणाऱ्या कोणाच्याच मनात आलं नव्हतं. क्षयाचा माणूस बरा होण्यासाठी आपण एवढा खटाटोप करतो, आणि तो बरा झाला तर काय, हाच कप्पा रिकामा.

मी पुण्याच्या सरांना फोन केला. हे सर अभ्यासाचे समन्वयक. आवाज नेहमी शांत, त्यामुळे माझा आणखी चढायचा.

“नमुना नसेल तर त्याला ‘उपचार पूर्ण’ एवढंच म्हणता येतं, मॅडम. ‘बरा’ म्हणता येत नाही.”

“सर, तो बरा आहे. मी त्याला मोळी घेऊन पळताना पाहिलंय.”

“तुम्ही पाहणं हा पुरावा नाही ना.”

शास्त्र त्यांच्या बाजूने होतं आणि फक्त तो माणूस माझ्या बाजूने होता.

तिसऱ्या वेळी त्याला सालेकशाच्या दवाखान्यात बोलावलं. मिठाच्या पाण्याची वाफ दिली की छातीतला चिकटा सुटतो. तो कोणाच्या तरी मोटरसायकलवर मागे बसून आला, एक दिवसाचं काम बुडवून. वाफ घेतली, डोळे लाल झाले, नर्सबाईने पाठ थोपटली. डबीत फेस आला. फक्त फेस.

बाहेर बाकावर तो माझ्याशेजारी बसला, अगदी अपराध्यासारखा. “तुमचं काम अडून राहिलं ना माह्यामुळं.”

तेव्हा मी शांतपणे सांगायला हवं होतं की तुमचं काही चुकलं नाही, घरी जा. पण सकाळच्या गाडीला मालगाडीसाठी तासभर थांबवून ठेवलं होतं, सरांचे दोन फोन येऊन गेले होते, आणि उन्हात बर्फाची पेटी रिकामीच परत न्यायची होती. मी त्याच्या हातात नवी डबी ठेवली आणि म्हणाले, “मला नाही माहीत. काहीही करा, पण ही डबी भरून द्या. माझ्या डोक्याला ताप झालाय नुसता.”

त्याने डबी शर्टाच्या खिशात ठेवली आणि मान हलवली.

चार दिवसांनी त्याचा फोन आला. आवाजात आनंद मावत नव्हता. “मॅडम, या. भेटली.”

मी पहिली गाडी पकडली. तो रेल्वेच्या फाटकाशीच उभा होता, डबी कागदात गुंडाळून. उघडून पाहिली तर घट्ट, पिवळसर, काठोकाठ. असा नमुना की प्रयोगशाळेवाला नमस्कार करेल. मी विचारलं, “सकाळचीच ना?”

“हो, सकारचीच आहे. चहाच्या पहिले.”

नियम असा होता की नमुना आमच्यासमोर, मोकळ्या जागेत घ्यायचा. टॅबवर त्याची चौकट होती: ‘नमुना माझ्यासमोर घेतला.’ परतीच्या गाडीला थोडाच वेळ होता. मी चौकटीवर बोट टेकवलं, डबीवर त्याचा क्रमांक चिकटवला आणि स्टेशनकडे निघाले. किती हलकं वाटत होतं! गाडीत एका बाईने मासळीबद्दल विचारलं तर मी तिच्याशी बाजारभावाबद्दलही गप्पा मारल्या.

निकालाचा फोन प्रयोगशाळेतून आला. “मॅडम, आपका वो दरेकसावाला तो फुल पॉझिटिव्ह है.”

मग सरांचा फोन. आता त्यांचाही आवाज शांत नव्हता. सहा महिने एकही गोळी न चुकवलेला रुग्ण, मधल्या तपासणीत स्वच्छ, आणि शेवटी जंतूच जंतू. म्हणजे औषध लागू पडलं नाही का? जंतू औषधाला दाद देत नाहीत का? त्याला ताबडतोब बोलवा, पुन्हा तपासण्या, पुन्हा उपचार, घरातल्या सगळ्यांची तपासणी. त्या रात्री मला नीट झोप लागली नाही. मोळी घेऊन पळणारा माणूस डोळ्यांपुढे येत होता, आणि वाटत होतं की आपण काय पाहिलं मग?

दुसऱ्या दिवशी गेले तेव्हा धान चुरून, म्हणजे मळून, झालं होतं. बायको सुपाने पाखडत होती आणि तो बांबूचं कुंपण बांधत होता. आशाताईलाही मी बोलावून घेतलं होतं. काय बोलायचं ते गाडीत दहा वेळा जुळवलं होतं, ते सगळं विसरून मी एकदम म्हणाले, “तुमच्या डबीत जंतू निघाले. गोळ्या पुन्हा सुरू कराव्या लागतील. कदाचित इंजेक्शनं पण.”

बायकोच्या हातातलं सूप थांबलं. ती त्याच्याकडे बघत राहिली. तो हातातल्या बांबूकडे.

“मॅडम,” तो म्हणाला, “ते माही नोहोय.”

“काय तुमची नाही?”

“डबीतली. माही नोहोय ते.”

मला क्षणभर कळलंच नाही. आशाताईला माझ्या आधी कळलं. तिने कपाळावर हात मारून घेतला. “आगा बाप्पा! कोणाची देल्ली तू?”

“काकीची.”

मग माझा तोल गेला. एवढे दिवस मी दवाखान्यातलं, कार्यालयातलं मराठी बोलत होते, ते सगळं गळून पडलं आणि तोंडातून घरचं बाहेर आलं. “काऊन केलं असं? आँ? रातभर झोपली नाही मी! तुमाले काही समजते का नाही? ते काय धान आहे का, याच्या घरचं त्याच्या घरात टाकलं तं चालते?”

तो ऐकून घेत होता. मी दमल्यावर म्हणाला, “तुमीच म्हटलं ना, काहीही करा.”

“म्हणून दुसऱ्याचा बेडका?”

“माह्या छातीत काही नाही तं मी काय करू? मी बरा आहो, हे तुमालेबी दिसून राहिलं, मलेबी. फक्त तुमच्या त्या मशीनले दिसत नाही.” तो टॅबला मशीन म्हणायचा. “काकीले सकारी लय येते. मी म्हटलं, काकी, डबीत देऊन दे, मॅडमचं काम अडून राहिलं. तिनं देल्ली.”

मी ज्या बाजेवर बसले होते तिथून काकीचं दार दहा पावलांवर होतं. काकी म्हणजे त्याच्या वारलेल्या काकाची बायको. अंगण एकच, छप्पर वेगळं, चूल वेगळी. आमच्या फॉर्मवर ‘घर’ म्हणजे एका चुलीवर जेवणारी माणसं. पहिल्या दिवशी मी विचारलं होतं, घरात आणखी कोणाला खोकला आहे का? त्याने नाही म्हटलं आणि ते खरंच होतं. त्यानंतर सहा महिने मी त्याच बाजेवर बसून प्रश्न विचारत होते आणि दहा पावलांवर ती म्हातारी खोकत होती. मला तो खोकला ऐकू येत नव्हता असं नाही. एकदोनदा मी वैतागून थांबलेही होते, खोकला संपू दे मग पुढचा प्रश्न विचारू म्हणून. पण ती माझ्या चुलीत बसत नव्हती.

आशाताई म्हणाली, “मी तीनदा म्हटलं तिले, तपासून घे. म्हणते, धुराचा खोकला आहे. आमी बोलत नाही एकमेकींशी, कोंबडीवरून झालं होतं.”

आम्ही तिघं काकीच्या दारात गेलो. ती उन्हात पाय पसरून बसली होती, हाडांवर लुगडं गुंडाळल्यासारखी. मी समजावून सांगितलं की डबीत क्षयाचे जंतू निघालेत आणि ती डबी तुमची होती.

“माही नोहोय,” ती म्हणाली. “मी त्याले देऊन टाकली. मंग त्याचीच झाली ना.”

“देऊन टाकली तरी छातीतून तर तुमच्याच आली ना आजी?”

“त्यानं मागतली, मी देल्ली. माह्या नावानं मी कायबी देल्लं नाही.”

आणि तीच तर गोम होती. आशाताईने तीनदा मागितलं तेव्हा तिने नकार दिला, कारण वहीत तिचं नाव लिहिलं गेलं असतं. पुतण्याच्या नावावर द्यायला तिची काहीच हरकत नव्हती. मी विचारलं, नावाला एवढं काय भ्यायचं? तर म्हणाली, “बुढ्याचं नाव असंच लिहून नेलं होतं. गाडीत बसवून नेलं, मंग तो आलाच नाही.”

यावर आमच्या प्रशिक्षणात शिकवलेली सगळी वाक्यं मला आठवली आणि त्यातलं एकही तिच्या गेलेल्या नवऱ्यापुढे टिकेना. बोलला तो पुतण्या. तिच्यासमोर उकिडवा बसला. “काकी, माहंबी नाव लिहून नेलं होतं. मी आहो ना?”

तिने हात पुढे करून त्याचा दंड चाचपला. मग म्हणाली, “गोळी तू देशील. हे बाई नाही.” आणि हनुवटीने आशाताईकडे खूण केली.

“मी देईन.”

“सुई टोचू देणार नाही मी.”

“बरं.”

या वेळी मी दहा पावलांवर मोकळ्यात उभी राहिले आणि डोळे फाडून पाहिलं. एकदा खाकरली आणि डबी भरली. नाव तिचं लिहिलं, तिला मोठ्याने वाचून दाखवून. सरकारी दवाखान्यात तपासण्या झाल्या. क्षयच निघाला, पण साध्या गोळ्यांनी बरा होणारा. पुतण्याचा आणि त्याच्या बायकोचा छातीचा फोटो काढला, दोघेही स्वच्छ. डॉक्टरांनी फोटो उजेडात धरून त्याला सांगितलं, “तू बरा झालास, जा.” तो माझ्याकडे वळून म्हणाला, “आयकलं ना, मॅडम?” मी म्हटलं, ऐकलं.

आमच्या अभ्यासाने मात्र ऐकलं नाही. मी सरांना सगळं सांगितलं तेव्हा त्यांनी आधी माझी नोंद उघडली.

“मॅडम, ‘नमुना माझ्यासमोर घेतला’ यावर टिक आहे.”

“हो सर. मी केली. खोटी होती.”

“लेखी द्यावं लागेल.”

लेखी दिलं. दोन पानं भरली, एकही सबब लिहिली नाही, तरी पाठवल्यावर दिवसभर कोणाशी बोलवत नव्हतं. वैताग दुसऱ्यांवर काढायची सवय झाली की स्वतःच्या वाट्याचा वैताग फार जड जातो. त्याच्या नोंदीपुढे ‘नमुना अवैध’ असा शेरा पडला आणि त्याला अभ्यासातून वगळलं. ज्याने लग्नाच्या मांडवात जाऊन गोळी खाल्ली, तोच माणूस आमच्या निष्कर्षात नाही.

“आणि काकी?” मी विचारलं. “सर, गावातल्या विश्वासाच्या माणसाने गोळ्या दिल्या तर काय होतं, हेच तर बघतोय आपण. तिला तर घरचाच माणूस देणार आहे.”

“पण त्या नियमाप्रमाणे आलेल्या नाहीत. त्यांना घेता येणार नाही.” मग जरा थांबून ते म्हणाले, “चुलीचा मुद्दा मात्र लिहून पाठवा. मी पुढच्या बैठकीत काढतो.” मी तोही लिहून पाठवला. त्याचं पुढे काय झालं, मला कोणी सांगितलं नाही.

काकी आता माझ्या यादीत नव्हती, पण त्या बाजूला काम असलं की मी डोकावायचे. पहिले पंधरा दिवस ठीक गेले. मग लघवी लाल होते म्हणून तिने गोळ्या चुलीत टाकल्या. पुतण्याने आशाताईला बोलावलं, ती आली, दारातूनच म्हणाली, औषधाचा रंग आहे तो, त्यालेबी झाला होता, विचार त्याले. म्हातारीने तिच्या तोंडावर दार लावलं आणि आत जाऊन गोळी खाल्ली.

दोन महिन्यांनी खोकला गेला, भूक लागायला लागली, आणि तिने जाहीर केलं की मी बरी झाली, आता गोळी बंद. त्या दिवशी मी टोलीवर पोचले तर पुढे काकी काठी टेकत जंगलाच्या वाटेने निघालेली, आणि मागे तो, एका हातात गोळ्यांची पट्टी, दुसऱ्या हातात पाण्याचा गडवा. सहा महिने माझ्यासमोर मान खाली घालून बोलणारा माणूस टोलीभर ऐकू जाईल असा ओरडत होता.

“अवं थांब ना! कुठं जाऊन राहिली? खाऊन जा पहिले!”

“तूच खा! तुले सवय आहे!”

मला पाहून तो थांबला. गडव्यातलं अर्धं पाणी सांडलं होतं. “मॅडम, हे बुढी जीव खाऊन राहिली माहा. रोज असंच. काय करू सांगा.”

मी गडवा हातात घेतला आणि आम्ही दोघं तिच्या मागे गेलो. मोहाच्या झाडाखाली ती दम खायला बसली होती. त्याने पट्टी फोडली, मी पाणी पुढे केलं. तिने आम्हाला दोघांनाही शिव्या दिल्या आणि गोळ्या गिळल्या.

सहा महिने असंच चाललं. तिने उपचार पूर्ण केला आणि अंगही धरलं. हल्ली ती आठवडी बाजाराला एकटी जाते असं आशाताई सांगते. कोंबडीचं भांडण अजून मिटलेलं नाही.